शिवराई मित्राला द्यायची: घेतल्या भावात की बाजारभावात?

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. पेशवाईत मुबलक पाडलेली दुदांडी (दोन रेघांची) शिवराई संग्राहक मित्राला घेतल्या भावातच द्यावी. दोन पैसे सुटत नाहीत, पण उद्या त्याच्याकडचं जास्तीचं नाणं आपल्याकडे येतं. बाजारभाव लावण्यातही पाप नाही म्हणा, शोधण्यात, घासाघिशीत (आणि खोटी नाणी गळ्यात पडण्यात!) आपलेच पैसे गेलेले असतात.

शिवकालीन शिवराई मात्र वेगळी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, अक्षरं शाबूत. तिला बाजारभावच लावावा, पण आपली खरेदी किती होती हे न लपवता. स्वस्तात दिली आणि मित्राने आठवड्यात लिलावात चढवली, तर बोलणार कुणाला? ‘संग्रहासाठीच हवीय’ म्हणून नेऊन विकणाऱ्याला मी पुढे नाणी दाखवतही नाही.