ओलं सोयाबीन, पूर्ण भाव

गेमचं नाव लिहीत नाही. शेतीचा आहे, परदेशी कंपनीचा आहे आणि यंदाच्या पावसाळ्यात आला, एवढ्यावर ज्यांनी घेतलाय ते ओळखतीलच. किंमत २,४९९ रुपये. २०२४ च्या दिवाळीला आम्ही सोयाबीन क्विंटलला ४,१५० नं घातलं, त्या हिशेबानं साठ किलोचा एक कट्टा. हा हिशेब अण्णांनी केला, मी नाही.

मी औसा तालुक्यातला. दिवसभर घरचं रान बघून रात्री परत शेतीचाच गेम कशाला, असं बायकोपासून सगळे विचारतात. उत्तर सोपं आहे, तिथला पाऊस सेटिंगमधून बंद करता येतो. शिवाय या वेळी जाहिरातच तशी होती. म्हणे माती खरी केलीय, ओली जमीन चाकाला धरणार, ट्रॅक्टर रुतणार, चाकोरी उमटणार. काळ्या रानातल्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष काय दाखवायचं!

डाउनलोड ६२ जीबी. गावात मोबाइलच्या नेटवर ते काही जमणार नव्हतं, म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून लातूरला मावसभावाकडं गेलो, रात्रभर त्याच्या वायफायवर लावला. सकाळच्या एसटीनं परत आलो, चालू केला, तर पहिल्याच दिवशीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आणखी १९ जीबी. पुन्हा लातूर. मावशी म्हणाली, नोकरी लागली का रे इकडं?

अखेर गेम उघडला तर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी, म्हणजे गेमच्या चित्रांची आधीची तयारी. म्हशीची धार काढून आलो, पट्टी ६१ टक्क्यांवर. जेवून आलो, ८८. हा सगळा वेळ दुकानाच्या हिशेबात ‘खेळलेला वेळ’ धरला जातो, हे मला नंतर कळलं. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्याचा नियम असा की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. माझे २ तास रानात पाय टाकून थोडा वेळ झाला नाही तोच संपले. अर्ज केला, नाकारला.

आता रान. गेममध्ये नुकताच दणकून पाऊस पडून गेला होता आणि मी पेरणीयंत्र जोडलं. अण्णा मागं खाटेवर बसून बघत होते.

“आरं, वापसा तर येऊ दे!”

ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून जावा तसा गेला. ना चिखल, ना चाकोरी.

“मुरमाड आसंल,” अण्णा म्हणाले.

मग बांधाजवळ, कोरड्या ठणठणीत जागी, पुढची दोन्ही चाकं बोनटपर्यंत जमिनीत गेली आणि मागचं पेरणीयंत्र आभाळाकडं तोंड करून गरगर फिरायला लागलं.

“हे मुरमाड न्हाई.”

त्यानंतर ते रोज जेवण झालं की बघायला बसायला लागले. मजुराचा प्रकार त्यांना सगळ्यात आवडला. गेममध्ये मजूर लावता येतो, तो ट्रॅक्टर चालवतो, आपण दुसरं काम करायचं. माझा मजूर विजेच्या खांबाला ट्रॅक्टर टेकवून उभा राहिला, चाकं फिरतायत, डिझेल जळतंय, मजुरी मिनिटामिनिटाला कापली जातीय. आमच्याकडं सालगडी पाडव्याला ठरतो. पहिल्या दिवशी त्याला बांध दाखवला की पुढं वर्षभर सांगावं लागत नाही. याला खांब दिसत नाही.

हार्वेस्टर फिरवलं तर टाकी भरते, पीक मात्र उभंच. परत त्याच पट्ट्यातून फिरवा, परत टाकी भरते. एकाच एकरात मी चार वेळा सोयाबीन काढलं. हा दोष दुरुस्त करू नका, असं अण्णांचं म्हणणं आहे.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण नवव्या दिवशी सेव्ह उघडेना. अकरा तासांचं काम, घेतलेली जमीन, फेडलेलं कर्ज, सगळं गेलं. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की पुढच्या अपडेटमध्ये बघतो आहोत. गेलेलं परत येईल का, याला उत्तर नाही.

पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, धीर धर, सायबरपंक नाही का सुधारला. सुधारला ना. सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. प्लेस्टेशन ४ वर तो इतका लंगडत चालला की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. दुकानात परत यायला जून २०२१ उजाडला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर लोक त्याचं तोंडभरून कौतुक करायला लागले. पण हिशेब बघा. ज्यानं पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्याला कच्चा माल मिळाला, आणि तीन वर्षं थांबून सवलतीत घेणाऱ्याला पक्का.

आता माझा माल. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि ओलाव्याची अट १२ टक्के. काढणीच्या वेळी पाऊस लागलेला. केंद्रावर मूठभर दाणे यंत्रात टाकले, आकडा १४ आला, गाडी परत. पुढं नोव्हेंबरात सरकारनं ती अट १५ वर नेली, तोवर आम्ही ताडपत्रीवर वाळवून वाळवून शेवटी बाजारात घालून मोकळे झालो होतो. माझ्या दोन टक्क्यांना यंत्र आहे. यांच्या मालाला कोण यंत्र लावतं?

‘अर्ली ॲक्सेस’, म्हणजे काम अजून अपुरं आहे, अशी पाटी लावून विकला असता तर माझी काही तक्रार नव्हती. ओला माल आहे, भाव कमी, बघून घ्या, असं सरळ सांगून विकणारेही आहेतच. इथं पाटी पूर्ण झालेल्या गेमची आहे आणि भावही पूर्ण.

चांगलंही सांगतो. इंजिनाचा आवाज अस्सल आहे, चढाला गिअर पडताना जो दम लागतो तो हुबेहूब. सकाळचं ऊन ज्वारीच्या कणसांवर पडतं ते बघत मी एकदा पाच मिनिटं काहीच न करता बसलो होतो. ज्यानं हे केलं त्याला काम येतं. त्याला आणखी सहा महिने द्यायला हवे होते, ते द्यायचे कुणी ठरवले नाहीत.

अजून घेतला नसेल तर दिवाळीतही घेऊ नका, उन्हाळ्यात बघा. घेतलाच असेल तर ऑटोसेव्हवर विसंबू नका, रोज हातानं वेगळ्या नावानं सेव्ह करा आणि त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. खांब असलेल्या रानात मजूर लावू नका. बांधापासून चार हात लांब वळा.

काल तिसरा पॅच आलाय, २१ जीबी. सोमवारी खताला लातूरला जायचंच आहे, लॅपटॉप बरोबर नेतो.