‘स्टुडंट सॉफ्टवेअर किट’च्या नावाखाली विकलेले मोफत सॉफ्टवेअर

माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या मुलीसाठी वाशीतल्या एका दुकानातून एका कंपनीच्या कार्यालयात वापरून झालेला आणि दुरुस्त करून विकायला ठेवलेला डेस्कटॉप १७,५०० रुपयांना घेतला. त्या यंत्राविषयी आमची तक्रार नाही. त्या किमतीला ते योग्यच होते. तक्रार आहे ती त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलेल्या दोन ओळींविषयी. पहिली ‘विंडोज परवाना, २,५००’ आणि दुसरी ‘स्टुडंट सॉफ्टवेअर किट, ४,८००’. या दोन ओळींपोटी घेतलेल्या ७,३०० रुपयांपैकी एक रुपयाही कोणत्याही परवान्यासाठी खर्च झालेला नव्हता, हे वर्षभराने उघड झाले. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. आणि अशाच नावाची ‘किट’ ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या दरपत्रकातही मी पाहिली आहे, त्यामुळे एक नाव सांगून वाचकाने इतरत्र निर्धास्त व्हावे, असे मला वाटत नाही.

बहीण कळव्याला राहते. भाचीने अकरावी वाणिज्यला प्रवेश घेतला होता आणि माहिती तंत्रज्ञान हा विषय निवडला होता, म्हणून घरी संगणक हवा होता. दुकानदाराने विषयाचे नाव ऐकताच, “ताई, कॉलेजला हेच सगळं लागतं, सुटं घ्यायला गेलात तर पंचवीस-तीस हजार होतील,” असे सांगून किट पुढे केली. तिच्यात पत्रे आणि तक्ते करण्यासाठी ऑफिस, चित्रांसाठी एक प्रोग्राम, आकृत्यांसाठी दुसरा, ध्वनिमुद्रणासाठी तिसरा, व्हिडिओ प्लेअर, मराठी टायपिंग आणि हिशेबाचे ‘परवानाधारक’ सॉफ्टवेअर, असे सारे असल्याचे त्याने सांगितले. पाठ्यपुस्तक उघडून पाहण्याची गरज त्या क्षणी कोणाला वाटणार? समोरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता, आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग खरोखरच होता.

वर्ष संपत आले, तेव्हा संगणक सुरू केल्यावर ‘परवान्याची मुदत संपली, नूतनीकरणासाठी संपर्क करा’ अशी खिडकी येऊ लागली आणि डेस्कटॉपवरची चिन्हे दाबून काहीच उघडेना. दुकानात फोन केल्यावर १,८०० रुपये यूपीआयने मागवून घेण्यात आले आणि मग एका मुलाने फोनवरून सूचना देत, दूरून संगणक हाताळण्याचा प्रोग्राम भाचीकडून उतरवून घेऊन, थोड्या वेळात सगळे पुन्हा चालू करून दिले. तो प्रोग्राम त्याने काढला नाही. उलट, समोर कोणी नसतानाही आत येता यावे म्हणून त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवला. या एका गोष्टीचा मला पैशांपेक्षा अधिक राग आहे, कारण त्याच संगणकावरून बहीण मुलीची फी भरत असे.

माझा व्यवसाय संगणकाच्या देखभालीशी संबंधित आहे, तरी हे प्रकरण माझ्यापर्यंत आले ते भाचीच्या एका साध्या प्रश्नामुळे. तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तेच ऑफिस होते आणि तिने त्यासाठी काहीच भरले नव्हते. मी संगणक उघडून पाहिला. हेल्प या मेन्यूतील अबाउट उघडताच लिब्रेऑफिस हे नाव आणि ते चालवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेचा उल्लेख, सारे जसेच्या तसे तिथे होते. चित्रांचा प्रोग्राम म्हणजे गिम्प, आकृत्यांचा इंकस्केप, ध्वनीचा ऑडॅसिटी आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी. यातला प्रत्येक प्रोग्राम ज्याच्या त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून कोणालाही, घरासाठी, कॉलेजसाठी किंवा धंद्यासाठी, विनामूल्य उतरवून घेता येतो आणि त्यातल्या एकालाही मुदत नसते. मुदत होती ती दुकानदाराने मध्ये बसवलेल्या एका छोट्या प्रोग्रामला. डेस्कटॉपवरची चिन्हे थेट लिब्रेऑफिस उघडतच नव्हती. ती आधी हा प्रोग्राम चालवत आणि तो तारीख तपासून पुढे जाऊ द्यायचे की अडवायचे ते ठरवत असे. मी प्रोग्राम फाइल्स या फोल्डरात जाऊन लिब्रेऑफिसची मूळ फाइल थेट उघडली, तेव्हा कोणतीही अडचण न येता ती चालली. दुसऱ्याच्या उघड्या घराला स्वतःचे कुलूप लावून किल्लीचे भाडे घेण्याचा हा प्रकार होता.

‘मराठी टायपिंग’ या शीर्षकाखाली तर काहीच बसवलेले नव्हते. विंडोजमध्ये मूळचाच असलेला मराठीचा कीबोर्ड सेटिंग्जमधून फक्त सुरू करून दिला होता.

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण दुकानदाराने पुढे तिचाच आधार घेतला. मोफत मिळणारे मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे देता येतो असे सॉफ्टवेअर, पैसे घेऊन देणे हा गुन्हा नाही. गिम्प, व्हीएलसी यांचा जीपीएल आणि लिब्रेऑफिसचा एमपीएल हे दोन्ही परवाने विक्रीची मुभा देतात. द डॉक्युमेंट फाउंडेशन स्वतः मायक्रोसॉफ्टच्या आणि ॲपलच्या स्टोअरमध्ये लिब्रेऑफिस किंमत लावून ठेवते, आणि चित्रकारांसाठी असलेला क्रिटा हा प्रोग्रामही स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो, जरी दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळांवर मोफत असले तरी. एखाद्या दुकानदाराने ‘हे सर्व फुकट आहे, बसवून देण्याचे पाचशे रुपये’ असे सांगितले, तर मी स्वतः त्याला ते आनंदाने देईन, कारण त्यात त्याचा वेळ जातो. मात्र या परवान्यांची अट अशी आहे की, पुढे देताना परवान्याचा मजकूर सोबत द्यावा, मूळ कर्त्यांच्या सूचना पुसू नयेत, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखित आज्ञावली, कोठे मिळेल हे सांगावे आणि घेणाऱ्याला मिळालेले हक्क आपल्या बाजूने कमी करू नयेत. दुकानदाराने घेतलेले पैसे स्थापनेचे नव्हते. ते परवान्याचे म्हणून, दरवर्षी भरावे लागतील असे सांगून, आणि न भरल्यास काम अडवून घेतलेले होते. फसवणूक आहे ती या सांगण्यात आणि अडवण्यात.

विंडोजची कथा याहून वाईट निघाली. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ॲक्टिव्हेशन हे पान असते. घरगुती संगणकावर तेथे डिजिटल परवान्याने सक्रिय असल्याचा मजकूर दिसायला हवा. या संगणकावर ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत सक्रिय’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते, आणि आवृत्ती होती एंटरप्राइझ, जी कंपन्यांना घाऊक कराराने मिळते आणि किरकोळ ग्राहकाला सुटी विकली जात नाही. कळव्यातल्या दोन खोल्यांच्या घरात कोणती संस्था? मोठ्या कंपन्या आपल्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर ठेवतात आणि त्यांचे संगणक १८० दिवसांच्या मुदतीत त्याच्याशी संपर्क साधून स्वतःचे सक्रियण वाढवून घेतात. चोरीची साधने त्याच सर्व्हरचे सोंग आणतात. अँटिव्हायरस अशा साधनांना पकडतो, म्हणून बसवणारा माणूस आधी त्यालाच डोळे मिटायला सांगतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जखाली एक्सक्लूजन्स नावाची यादी असते. तिच्यात त्या साधनाचा अख्खा फोल्डर वगळलेला होता. म्हणजे त्या फोल्डरात उद्या काहीही येऊन बसले असते तरी ते तपासले जाणार नव्हते. हिशेबाचे ‘परवानाधारक’ सॉफ्टवेअरही त्याच फोल्डरातल्या दुसऱ्या साधनाने उघडलेली एका व्यापारी पॅकेजची चोरीची प्रत होती.

आणि त्या २,५०० रुपयांची गरजच नव्हती. कार्यालयांतून बाहेर येणाऱ्या अशा बहुतेक डेस्कटॉपवर कंपनीने घेतलेला विंडोज प्रोचा परवाना असतो आणि विंडोज ८ च्या काळापासून त्याची किल्ली (प्रॉडक्ट की) यंत्राच्या मदरबोर्डमधील फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्क पुसली तरी टिकणाऱ्या कायम स्मृतीत, साठवलेली असते. या यंत्रातही ती होती. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ उतरवून मी प्रो आवृत्ती बसवली आणि इंटरनेट जोडताच ती काही न विचारता, काही न भरता सक्रिय झाली. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मानणे मला जड जाते.

नवे विंडोज बसवण्याआधी मात्र काही कामे क्रमाने करावी लागली, आणि असा संशय असलेल्या कोणीही ती याच क्रमाने करावीत. प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडले. मग बहिणीच्या फोनवरून, त्या संगणकावरून नव्हे, ईमेलचा, बँकेचा आणि कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड बदलला, आणि ईमेलमध्ये ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ ही सोय वापरली. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरीला गेले आहेत असे समजूनच चालायचे असते. नंतर भाचीची केवळ कागदपत्रे आणि छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेतली. बसवण्याची एकही फाइल घेतली नाही. त्यानंतरच डिस्क पूर्ण पुसली. दुकानदाराच्या प्रोग्रामचे आणि ॲक्टिव्हेशनच्या पानाचे फोटो मी त्याआधी काढून ठेवले होते, ते तक्रारीसाठी उपयोगी पडले.

भाचीला नेमके काय लागते, हे पाहायला मग बालभारतीचे पुस्तक काढले. तिच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात हिशेबासाठी जीएनयूखाता आणि डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल होते. दोन्ही मुक्त आणि मोफत. ज्या अभ्यासक्रमाचे नाव घेऊन किट विकली गेली, त्या अभ्यासक्रमाने विकतचे हिशेबाचे पॅकेज मागितलेलेच नव्हते, आणि किटमध्ये जीएनयूखाता नव्हते. पुढे नोकरीसाठी टॅली शिकायची असेल, तर टॅलीप्राइम शैक्षणिक पद्धतीने विनाशुल्क चालवता येते. तीत महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात, पण शिकायला तेवढे पुरते. मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. भाची त्यांतूनच तक्त्यांची सूत्रे शिकली. एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवतो: लिब्रेऑफिसमध्ये केलेले सादरीकरण कॉलेजच्या पॉवरपॉइंटमध्ये उघडले की अक्षरे आणि चौकटी कधी कधी सरकतात. त्यामुळे दाखवायचे सादरीकरण ती पीडीएफ करून नेते. ज्या कॉलेजात विद्यार्थ्यांना कॉलेजचा ईमेल मिळतो, तेथे मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक योजना असल्यास वर्ड आणि पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये फुकट मिळतात. तेही आधी विचारून घ्यावे.

दुकान टाळले म्हणजे धोका टळला, असे नाही. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअर उतरवण्याच्या मोठ्या आणि जुन्या संकेतस्थळावर विंडोजसाठीच्या गिम्पसोबत जाहिरातींचा भरणा चिकटवलेला आढळला होता. गिम्पच्या चमूने २०१३ मध्येच ते ठिकाण सोडले होते, तरीही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या विंडोजला पर्याय असलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळात शिरून उतरवण्याचा दुवाच बदलण्यात आला आणि लोकांना परक्याला गुपचूप आत येता येईल असे मागचे दार ठेवलेली प्रत मिळाली. २०२२ मध्ये गुगलच्या शोधात गिम्पची म्हणून दिसणारी जाहिरात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम देणाऱ्या नकली पानावर नेत होती. म्हणून शोधात सर्वांत वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेला दुवा कधीही दाबू नये. लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग, गिम्प डॉट ऑर्ग, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हे पत्ते हाताने टंकावेत. उतरलेल्या फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स पाहावे. लिब्रेऑफिसच्या फाइलवर द डॉक्युमेंट फाउंडेशनचे नाव असते. लिनक्स उतरवणाऱ्याने संकेतस्थळावर दिलेला शा-२५६ चा, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेला ओळखीचा, आकडा आपल्या फाइलच्या आकड्याशी पडताळावा. मोफत सॉफ्टवेअर बसवताना कोणी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले, तर तेथेच थांबावे. वर नाव घेतलेल्या एकाही प्रोग्रामला त्याची गरज लागत नाही.

चोरीची प्रत वापरण्यात ग्राहकही सुटतो असे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. बहिणीला माहीत नव्हते, पण कळल्यानंतर ती प्रत ठेवणे योग्य नव्हते.

दुकानदाराकडे गेलो, तेव्हा आधी त्याने हे सारे ‘सर्व्हिस चार्ज’ असल्याचे सांगितले. चिठ्ठीवर ‘परवाना’ लिहिले आहे, हे दाखवल्यावर ती चिठ्ठी म्हणजे केवळ एस्टिमेट आहे, बिल नव्हे, असे उत्तर आले. आणि दुर्दैवाने ते खरे होते, कारण जीएसटी वाचवण्याच्या नावाखाली त्याने कच्ची चिठ्ठीच दिली होती. पक्के बिल, त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचे खरे नाव, एवढे मागितले असते तर ‘किट’ हा शब्द कागदावर टिकलाच नसता. आमच्या बाजूने उपयोगी पडली ती यूपीआयची नोंद आणि नूतनीकरणाच्या मागणीचा व्हॉट्सॲप संदेश, ज्यात ‘लायसन्स रिन्यूअल’ असे स्पष्ट लिहिलेले होते. लेखी नोटीस पाठवल्यावर १,८०० रुपये परत आले. उरलेल्या ७,३०० रुपयांसाठी बहिणीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तेथे समेट झाला नाही, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असल्यास तेथे शुल्क लागत नाही, वकील असणे सक्तीचे नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. खात्यातून पैसे गेले असते, तर मात्र या वाटेने न जाता प्रथम १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करावा लागला असता, कारण तेथे पैसे वाटेत रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. बँकेचे खाते आम्ही तपासले आहे. त्यात अनोळखी व्यवहार आढळला नाही. हेल्पलाइनच्या उत्तराची वाट पाहत आहोत, आणि आयोगाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवला आहे.