सुतारकामातून जर्मन: चार महिन्यांचा अनुभव

जर्मनची ए-टू ही प्राथमिक पातळीची परीक्षा पास होऊनही माझं तोंड उघडत नव्हतं, म्हणून नवीन स्थलांतरितांसाठीच्या या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून तीन सकाळी. आम्ही नऊ जण आणि सात मातृभाषा, त्यामुळे मधल्या सुट्टीतही जर्मनच.

पहिल्याच दिवशी वहीऐवजी हातात रंधा. मास्तर मुळात सुतार. ते सांगणार, आपण करायचं. बोलायची सक्ती नाही. जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं: आधी अंगाने आज्ञा पाळा, बोलणं मागून येतं. माझं तिसऱ्या आठवड्यात आलं.

आपल्यासारखीच जर्मनलाही तीन लिंगं. हातोडा तो, करवत ती, खिळा तो, इथवर जुळतं. पण आपली फळी त्यांच्याकडे ‘दास ब्रेट’, म्हणजे ते. आणि स्क्रू चक्क ती!

माझी खरी अडचण होती ‘आउफ’, म्हणजे ‘वर’. आपण बाकावर ठेवतो आणि वस्तू बाकावरच असते, शब्द तोच. जर्मनमध्ये हातोडा ठेवताना ‘आउफ डी वेर्कबांक’, तो तिथे पडलेला असताना ‘आउफ डेर वेर्कबांक’. तक्ते पाठ करून वर्ष गेलं होतं. इथे दिवसातून पन्नासदा उचलला, ठेवला, ‘कुठेय?’ म्हणून विचारलं, आणि एक दिवस जीभ आपसूक वळली. एकदा मी जोर लावून स्क्रूचं डोकंच तोडलं. मास्तर शांतपणे म्हणाले, ‘नाख फेस्ट कॉम्ट आप.’ घट्टच्या पुढे तुटणंच. हे वाक्य मला शिकवावं लागलं नाही.

आता तक्रार. कारखान्यात सगळे एकमेकांना ‘डू’, म्हणजे तू, आणि वाक्यं सगळी हुकमाची. तीच सवय घेऊन मी एका कार्यालयात गेले आणि खिडकीमागच्या बाईंना म्हटलं, ‘तो फॉर्म दे.’ त्यांचं पेनच थांबलं. ‘झी’, म्हणजे आदरार्थी तुम्ही, वापरायचा सराव वर्गात आठवड्यातून एकदा तरी हवा. लेखनही जवळपास शून्य. बी-वन या पुढच्या पातळीच्या परीक्षेला लेखी भाग असतो, त्याची तयारी घरीच करावी लागली. मशीन सुरू असताना कानाला संरक्षक, म्हणजे तेवढा वेळ भाषा बंद.

पाचपैकी चार तारे. केस लांब असतील तर घट्ट बांधून जा, नाहीतर ड्रिलपाशी उभं राहू देत नाहीत.