बॅग की बंद साचा? कार्बनच्या प्रीफॉर्ममध्ये रेझिन उतरवताना

केळी-कपाशीवर फवारणी करणाऱ्या ड्रोनचे हात, झाकणं, पॅनल अशी कार्बन तंतूंची कामं. महिन्याला वीस-तीस नग. आणि जळगाव एमआयडीसीत पत्र्याची शेड. अशा ठिकाणी रेझिन (तंतूंना बांधणारा द्रव, हार्डनर मिसळला की घट्ट होतो) साच्यावर हवाबंद चिकटवलेल्या प्लास्टिकच्या बॅगखाली निर्वाताने ओढायचं, की बंद साच्यात दाबाने भरायचं, म्हणजे आरटीएम (रेझिन ट्रान्सफर मोल्डिंग)?

दाबाचा हिशेब आरटीएमच्या बाजूने आहे. बॅगमध्ये फार तर १ बारचा फरक मिळतो, साच्यात ३-४ बार देता येतात. म्हणून ५८-६० टक्के तंतू ठासून बसवलेल्या प्रीफॉर्ममधूनही, म्हणजे आकारात रचलेल्या कोरड्या कापडातूनही, रेझिन सरकतं आणि जाडी नेमकी येते. बॅगमध्ये ५०-५५ टक्क्यांवर समाधान मानावं लागतं.

मला नको झालं ते कडेचं प्रकरण. प्रीफॉर्म अर्धा मिलिमीटर आखूड कापला गेला, की रेझिन कापडात शिरायचं सोडून भिंतीलगतच्या फटीतून पळतं. फट दुप्पट झाली की तिच्यातून जाणारं रेझिन आठपट. ते वळसा घालून व्हेंटला, म्हणजे बाहेर पडायच्या तोंडाला, पोचतं, नळीत दिसलं म्हणून आपण व्हेंट बंद करतो, आणि मध्ये तळहाताएवढा पट्टा कोरडा राहतो. साचा उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. दाब वाढवावा तर इनलेटपाशी तंतूच सरकतात. प्रीफॉर्मची कड चिमटीत धरणारी पट्टी साच्यात करून घेता येते, पण तिचे पैसे साचा बनवतानाच मोजायचे.

बॅगखालीही रेझिन कडेने पळतं, फक्त ते डोळ्यांसमोर पळतं. पुढे गेलेल्या बाजूची नळी चिमटायची, मागे राहिलेली उघडी ठेवायची. कापडावरून रेझिन पुढे नेणारी जाळी व्हेंटच्या ३-४ सेंटिमीटर आधीच संपवायची, म्हणजे वरून धावलेलं रेझिन तिथे मंदावतं आणि खालच्या थरांत उतरतं.

बॅगचं दुखणं मे महिन्यातलं. तापमान १० अंश चढलं की पॉट लाइफ, म्हणजे कालवलेलं रेझिन वापरता येण्याचा वेळ, साधारण निम्मं: २५ अंशांना ८० मिनिटं टिकणारं मिश्रण ४५ला २० मिनिटांत धरतं. रेझिन पातळ होतं खरं. पण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, त्यामुळे लांब पॅनल अर्ध्यातच अडकतं. संथ हार्डनर घ्या, पहाटे काम उरका, आणि बादलीभर न कालवता उथळ ट्रेमध्ये चारशे-चारशे ग्रॅमचे घाणे करा. डिसेंबरात उलटं, रेझिन आधी २५ अंशांवर आणावं लागतं.

एकच नग शेकड्यांनी काढायचा, दोन्ही बाजू गुळगुळीत हव्या, तर आरटीएमला नावं ठेवणार नाही. एरवी मी बॅगच बांधतो. निर्वाताचा पंप बंद केल्यावर १० मिनिटांत गेज ५ मिलिबारपेक्षा जास्त सरकला, तर मात्र हार्डनरचा डबा उघडत नाही.