१,२९६ रुपये वाचवायला गेलो

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मी कर सल्लागार आहे. चौदा छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्नं भरतो. बिल घ्या, बिल जपून ठेवा, बिल नसेल तर मला फोन करू नका, हे वर्षभर लोकांच्या कानीकपाळी ओरडत असतो. आणि यंदाच्या मार्चमध्ये मी स्वतः लॅपटॉपचा स्क्रीन बदलून घेतला, ७,२०० रुपये रोख मोजले आणि चिटोराही न घेता घरी आलो.

१६ मार्चच्या संध्याकाळी स्क्रीन अंधारला. काळा ठिक्कर नव्हे, मंद. अक्षरं होती, पण राखाडीवर राखाडी. ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर, चार्जर लावलेला, बॅटरी सेव्हर बंद, तरी तेच. २० तारीख ही थ्रीबी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची तारीख. एक दिवस उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती क्लायंट कुणाकडून वसूल करतो ते सांगायला नको. नऊ जणांची रिटर्नं बाकी होती. हे मी सबब म्हणून सांगतोय असं वाटेल. सबबच आहे. पण ज्याचं काम तारखेवर चालतं त्याला ती कळेल.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी लॅपटॉप न बघताच १४,१६० रुपये आणि आठ ते दहा दिवस सांगितले. आठ दिवसांत माझ्या नऊ क्लायंटांनी दुसरा माणूस शोधला असता. म्हणून १७ तारखेला सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी एका खासगी दुरुस्तीवाल्याच्या दारात उभा होतो. दुकानाला ऑनलाइन भरपूर तारे, कौतुकाच्या ओळी. त्या सगळ्या एकाच महिन्यातल्या होत्या, हे मी नंतर पाहिलं.

आता पहिली जागा, जिथे माझं डोकं ठिकाणावर असायला हवं होतं. घरून निघण्याआधी माझ्या लक्षात आलं होतं की झाकण थोडं पुढे ओढलं की स्क्रीन उजळतो, आणि नेहमीसारखं मागे नेलं की पुन्हा मंदावतो. मी ते काउंटरवरच्या पोराला करूनही दाखवलं. पुढे ओढलं, उजेड. मागे नेलं, अंधार. ज्याने आयुष्यात चार लॅपटॉप उघडलेत त्याला एवढ्यावर कळतं की दोष हिंजमधून, म्हणजे झाकणाच्या बिजागरीतून, जाणाऱ्या केबलमध्ये आहे. पडदा, म्हणजे पॅनल, स्वतः म्हातारा होऊन मंदावतो तेव्हा तो कुठल्याही कोनात मंदच असतो. झाकण हलवून त्याला तरुण करता येत नाही. पोरगा म्हणाला, ‘काका, पॅनल गेलंय, जाताना शेवटचं असंच फडफडतं.’ दिवा विझताना मोठा होतो तसं काहीतरी मला वाटलं आणि मी मान डोलावली! रिटर्नमध्ये कुणी अशी उपमा दिली असती तर मी त्याला ऑफिसबाहेर काढला असता.

तपासणीचे ३५० रुपये आधी घेतले, यूपीआयने. पैसे दुकानाच्या नावावर गेले नाहीत, कुणाच्यातरी खासगी नावावर गेले. हेही पाहिलं, आणि सोडून दिलं.

तपासणी म्हणजे काय केलं? लॅपटॉप आत नेला, पाच मिनिटांनी बाहेर आणला. टॉर्च मारून पाहिला नाही. स्क्रीन मंद असेल तर अंधारात त्यावर तिरपा टॉर्च मारायचा. चित्र नीट दिसलं तर काच आणि त्यातलं द्रव शाबूत आहे, फक्त मागचा उजेड पोचत नाहीये. मग तो उजेड का पोचत नाही ते शोधायचं. केबल पिचली असेल, कनेक्टर सैल झाला असेल, मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा तांदळाएवढा फ्यूज उडाला असेल, किंवा पॅनलमधली एलईडीची पट्टी थकली असेल. यातल्या फक्त शेवटच्या कारणासाठी पॅनल बदलणं शहाणपणाचं, कारण ती पट्टी पॅनलच्या थरांखाली असते आणि थर उघडले की आत धूळ शिरते. जुन्या लॅपटॉपमध्ये पट्टीच्या जागी बारीक ट्यूब आणि तिला वीज पुरवणारा वेगळा इन्व्हर्टर असायचा, तो बदलून भागायचं. हे सगळं मी आत्ता पंडितासारखं सांगतोय, पण शिकलो पैसे गेल्यावर.

मग भाव निघाला. पॅनल ७,२००, ‘ओरिजिनल, नवं, सहा महिने गॅरंटी.’ मी सवयीने विचारलं, बिल? पोरगा हसला. ‘बिल पाहिजे तर अठरा टक्के लागतील काका. ८,४९६. नाहीतर ७,२०० कॅश. तुम्ही म्हणाल तसं.’

१,२९६ रुपये. मनातल्या मनात आकडा काढायला मला अर्धा सेकंद लागला असेल. त्या अर्ध्या सेकंदात मी काय काय ठरवलं! बिल घेऊन मला कुठे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घ्यायचंय, माझं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही. गॅरंटी तर तोंडी आहेच. सर्व्हिस सेंटरपेक्षा निम्म्यात काम होतंय. चांगला सौदा केला म्हणून स्वतःवर खूशही झालो. नोटा मोजून दिल्या. फसवणाऱ्याने मला ढकललं नाही, त्याने फक्त दार उघडं ठेवलं. आत मी माझ्या पायाने गेलो, आणि सगळ्यात जास्त तेच बोचतंय.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट लिहूनच टाकतो. त्याने पासवर्ड मागितला आणि मी चिठ्ठीवर लिहून दिला. चौदा जणांचे पॅन, बँक स्टेटमेंटं, पोर्टलचे युजरनेम, सगळं त्याच यंत्रात. स्क्रीन बदलायला पासवर्ड लागतच नाही. चालू केल्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं, विंडोज सुरू होण्याआधीची बायोसची (मूळ सेटिंगची) पानं दिसतात, तेवढ्यावर उजेड तपासता येतो. कुणीही मागितला तर देऊ नका. मला नंतर सगळ्यांचे पासवर्ड बदलावे लागले, आणि का बदलतोय ते चौदा वेळा खोटं सांगावं लागलं.

१८ ला लॅपटॉप मिळाला. स्क्रीन लखलखीत. मी जुना पॅनल मागितला. ‘तो इथेच राहतो काका, ई-वेस्टला जातो.’ घाईत होतो. निघालो.

दुसरी जागा त्याच रात्री आली. एक्सेल उघडलं. माझी शीट मला पाठ आहे. पूर्ण आकाराच्या खिडकीत ती डब्ल्यू कॉलमपर्यंत दिसायची, तिथेच मी एकूण कर धरतो. आता ती टी कॉलमला संपत होती. तीन कॉलम गायब! अक्षरंही जरा जाड, दातेरी. मी दुकानात फोन लावला. पोरगा म्हणाला, ‘नवीन पॅनलचं सेटिंग आहे, डोळ्यांना बरं असतं.’ आणि मी, वय वर्षं ५१, चष्म्याचा नंबर वाढलेला, म्हणालो, ‘हो, बरं वाटतंय खरं.’

एकोणीस दिवस चाललं. ६ एप्रिलला पुन्हा अंधार. झाकण पुढे ओढलं, उजेड. मागे नेलं, अंधार. तोच खेळ.

दुकानात गेलो तर तिथे दुसराच माणूस. गॅरंटी पॅनलची आहे, पॅनल चालू आहे, केबलची गॅरंटी नसते. म्हणजे बघा, ज्या केबलचं नावसुद्धा १७ मार्चला निघालं नाही, ती ६ एप्रिलला अचानक त्यांना आठवली. बिल दाखवा म्हणाला. मी गप्प.

त्या रविवारी भाचा घरी आला. त्याने डिस्प्ले सेटिंग उघडलं आणि विचारलं, ‘मामा, तुझा लॅपटॉप फुल एचडी होता ना?’ होता. १९२० बाय १०८० ठिपके. आता यादीत सगळ्यात वरचा आकडा १३६६ बाय ७६८. माझे तीन कॉलम तिथे गेले होते. दोन्ही प्रकारच्या पॅनलना बऱ्याचदा तोच तीस पिनांचा कनेक्टर बसतो, त्यामुळे हलका पॅनल लावला तरी यंत्र तक्रार करत नाही, मुकाट चालतं. वर हा टीएन जातीचा निघाला: समोरून बरा, जरा खालून पाहिलं की फोटोच्या निगेटिव्हसारखा. माझा आयपीएस होता, कुठूनही सारखा दिसायचा. भाचा फार काही बोलला नाही. बायकोही बोलली नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या एका कारागिराने माझ्यासमोर झाकण उघडलं. हिंजपाशी केबलचं आवरण सोललं होतं, आतल्या दोन तारा तुटायला आल्या होत्या. दुकानात ती काढून पुन्हा बसवल्यामुळे तात्पुरती जुळली होती, एवढीच एकोणीस दिवसांची जादू. केबल ६५० रुपये, मजुरी ४००. छापील बिलासकट १,०५०. मग त्याने पॅनल उलटा करून मागचं स्टिकर दाखवलं. त्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. हा २०१९ च्या अकराव्या आठवड्यातला. लॅपटॉप मी ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतला, ५२,९९० रुपयांना. म्हणजे माझ्या लॅपटॉपहून अडीच वर्षं जुना, कुणाच्यातरी भंगारातून उपसलेला पडदा मला ‘ओरिजिनल, नवं’ म्हणून विकला, आणि माझा धडधाकट फुल एचडी पॅनल ‘ई-वेस्ट’ झाला. तो आता कुणाच्या लॅपटॉपमध्ये चमकत असेल आणि त्याने त्याचे किती दिले असतील, देव जाणे. एकूण गेले ३५० अधिक ७,२०० अधिक १,०५०, म्हणजे ८,६००. माझ्यासारखा पॅनल परत बसवायचा तर आणखी ५,८००. अजून बसवलेला नाही.

यापुढे यंत्र देताना पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो तुमच्यासमोर काढायला लावा. देण्याआधी डिस्प्ले सेटिंगमधल्या आकड्यांचा स्क्रीनशॉट घ्या, परत घेताना काउंटरवरच जुळवा. आणि जुना भाग तुमचा असतो. पिशवीत घालून मागा. देत नसेल तर काम सुरूच करू देऊ नका.

आता सरकारी बाजू. पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं, मोबाइलवर एक फोन घेतला, पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, ग्राहकवाल्यांकडे जा. मी म्हटलं, साहेब, माझा पॅनल काढून घेतला, ही चोरी नाही का? ते म्हणाले, तुम्हीच दिला ना उघडायला? मी म्हटलं, डॉक्टरला पोट उघडायला दिलं तर त्याने किडनी ठेवून घ्यायची का? त्यावर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तासभर बसलो. लेखी अर्ज ठेवून घेतला, पोच म्हणून कोपऱ्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक नाही. चार वेळा विचारायला गेलो, चारही वेळा संबंधित हवालदार बंदोबस्ताला.

मग एका तक्रार केंद्रात ऑनलाइन नोंदवलं. त्यांना बिल हवं. बिल दिलं नाही हीच तक्रार आहे, असं लिहिलं. उत्तर आलं: कृपया बिल जोडावे. पुन्हा लिहिलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे, हे कलम २(४७) सकट लिहिलं. उत्तर आलं: पैसे दिल्याचा पुरावा जोडा. माझ्याकडे पुरावा फक्त त्या ३५० रुपयांचा, बाकी रोख. फोनवरच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं, ‘सर, मग आपली तक्रार तीनशे पन्नास रुपयांची धरू का?’ अठराव्या दिवशी मेसेज आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कुणाचं समाधान? मला कुणी विचारलं नाही. मेसेजखाली पाच तारे होते, सेवेला गुण द्या म्हणून.

बिलाशिवाय काही होत नाही असं मात्र समजू नका, मीही आधी तसंच समजलो होतो. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही जिथे राहता तिथूनच तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. मी कागद जमवलेत. २०२१ चं लॅपटॉपचं बिल, त्यावर ‘१५.६ इंच फुल एचडी आयपीएस’ स्पष्ट छापलेलं. भंगार पॅनलच्या स्टिकरचा फोटो. दुसऱ्या कारागिराचं बिल आणि त्याने लेटरहेडवर लिहून दिलेल्या चार ओळी. ३५० चा स्क्रीनशॉट. आणि ‘सेटिंग आहे, डोळ्यांना बरं असतं’ हे म्हणणं मी नंतर व्हॉट्सॲपवर मुद्दाम पुन्हा विचारून काढून घेतलंय. त्यात ‘७२०० मध्ये नवीन टाकलाय ना’ असं मी विचारलं आणि पलीकडून ‘हो काका’ आलं. अख्ख्या प्रकरणात मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम.

तक्रारीच्या मसुद्यात रोख का दिली, या रकान्यापाशी तीन दिवस अडकलोय. खरं लिहिलं तर माझ्या धंद्याची अब्रू जाते, खोटं लिहिलं तर शपथपत्र आहे. मसुदा एक्सेलमध्येच केलाय, खर्चाच्या तक्त्यासकट. एकूण रकमेचा कॉलम डब्ल्यूमध्ये आहे आणि तो बघायला दर वेळी उजवीकडे सरकावं लागतं.