हंगामी कमाई आणि पोस्टाची आवर्ती ठेव: किनारपट्टीवरील एका खातेदाराचे परीक्षण

पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीविषयी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आरडीविषयी, जे लिहिले जाते ते बहुतेक व्याजदराविषयी असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला तेवढे पुरत नाही. येथे पैसा बारा महिने सारखा येत नाही. आंब्याचा पैसा चैत्र-वैशाखात येतो, मासळीचा पैसा १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात पूर्ण थांबतो, पर्यटकांचा पैसा दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत येतो आणि मुंबईच्या चाकरमान्याचा पैसा त्याच्या नोकरीच्या स्थैर्यावर अवलंबून असतो. ज्या योजनेत दर महिन्याला ठरलेली रक्कम भरावी लागते, ती अशा घराला कितपत सोयीची आहे, हा माझ्या दृष्टीने या परीक्षणाचा खरा प्रश्न आहे. आमच्या घरी हे खाते पूर्वीपासून चालू आहे आणि पुढेही राहील, परंतु ते कसे वापरावे याविषयी मला काही ठाम गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी मूळ नियम सांगतो. खाते दरमहा किमान १०० रुपयांपासून उघडता येते, पुढची रक्कम दहाच्या पटीत ठेवता येते आणि वरची मर्यादा नाही. व्याज तिमाही चक्रवाढ पद्धतीने मिळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा दर ६.७ टक्के झाला असून त्या दराने दरमहा १,००० रुपये भरणाऱ्याला, म्हणजे ६०,००० रुपये जमा करणाऱ्याला, पाच वर्षांनी सुमारे ७१,३६६ रुपये मिळतात. खाते उघडताना जो दर असेल तो पूर्ण पाच वर्षे कायम राहतो. या व्याजावर आयकर लागू होतो आणि कलम ८०सी ची वजावटही मिळत नाही, त्यामुळे कर वाचवण्यासाठी हे खाते कोणी उघडू नये.

दर कायम राहतो ही गोष्ट ऐकायला चांगली वाटते, पण तिची दुसरी बाजू कोकणाने अलीकडेच अनुभवली आहे. अर्थमंत्रालय अल्पबचतीचे दर दर तीन महिन्यांनी जाहीर करते. एप्रिल २०२० मध्ये आवर्ती ठेवीचा दर ७.२ टक्क्यांवरून एकदम ५.८ टक्क्यांवर आणला गेला आणि तो मार्च २०२३ पर्यंत तसाच राहिला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात देशातील किरकोळ महागाईची सरासरी ६.७ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे त्या काळात खाते उघडलेल्या माणसाच्या ठेवीची क्रयशक्ती त्या वर्षी व्याज धरूनही घटत होती. दरमहा १,००० रुपयांच्या खात्यावर ५.८ टक्के आणि ६.७ टक्के यांमधील फरक पाच वर्षांअखेर साधारण १,६७० रुपयांचा होतो. रक्कम मोठी नाही, पण ज्या घरात हजाराचा हप्ताही काटकसर करून निघतो, तेथे तिची किंमत कळते.

तीच वर्षे किनाऱ्यासाठी किती कठीण होती हे वेगळे सांगायला नको. २०२० चा आंब्याचा हंगाम टाळेबंदीत सापडला, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या, मे २०२१ मध्ये तौक्तेने उरलेला आंबा झाडावरून खाली आणला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूण पुरात बुडाले. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत स्थूल देशांतर्गत उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि २०२२-२३ पर्यंत ती पाच टक्क्यांच्या थोडी वर एवढीच उरली. खर्चाच्या वाटा बंद झाल्यामुळे ज्यांचा पगार चालू होता त्यांची बचत टाळेबंदीत आपोआप वाढली. आमच्याकडे चित्र उलटे होते. मुंबईहून पैसा येण्याऐवजी माणसेच गावी परतली, आणि जी साठवण होती ती कौले, पत्रे आणि बागेची साफसफाई यांत गेली. देशाची सरासरी बचत वाढलेली दिसत असताना एखादा किनारा रिकामा होत असू शकतो, हे ध्यानात ठेवूनच बचतीच्या कोणत्याही योजनेकडे पाहिले पाहिजे.

कोकणी घराला बचत शिकवावी लागत नाही. आगोटीची बेगमी करणाऱ्या, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी सुकी मासळी, आमसुले, तांदूळ आणि सरपण भरून ठेवणाऱ्या घरात पुढच्या चार महिन्यांचा विचार आजच करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. पैशाच्या बाबतीत मात्र या रीतीला एका विशिष्ट आर्थिक व्यवस्थेने आकार दिला, आणि ती म्हणजे मुंबईची मनीऑर्डर. गिरणीत कामाला असलेल्या माणसाचा पैसा महिन्याला येत असे, त्यामुळे गावच्या घरातील वाण्याची उधारी, शाळेची फी आणि पोस्टातील हप्ता हे सर्व महिन्याच्या गतीने चालत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्य घरांची ही गती कायमची तुटली. आवर्ती ठेव ही मूलतः त्या मासिक पगाराच्या जगातील योजना आहे. आज किनाऱ्यावरची कमाई पुन्हा हंगामावर आली आहे, आणि योजनेचे नियम मात्र महिना धरूनच आहेत.

हा विसंवाद कोठे जाणवतो ते पाहा. हप्ता चुकला तर प्रत्येक शंभर रुपयांमागे एक रुपया दंड आहे. दंड तसा सौम्य आहे. परंतु चार हप्ते चुकले की खाते बंद स्थितीत जाते आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून घेतले नाही, तर त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत. होडीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या माणसाचे जून आणि जुलै हे दोन महिने हमखास कोरडे असतात. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी दर्या शांत होईपर्यंत अनेक लहान होड्या बाहेर पडत नाहीत, आणि लगेच गणपती येतात, ज्या सणाला कोकणातील कोणतेही घर हात आखडता घेत नाही. म्हणजे चार हप्ते चुकण्याची परिस्थिती त्या घराच्या वार्षिक चक्रातच आहे. त्यात त्या माणसाचा आळस किंवा उधळेपणा नाही. बंदीच्या काळाशी जुळणारी दोन महिन्यांची सवलत या योजनेत असती, तर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसाठी ती मोठी मदत झाली असती, असे मला मनापासून वाटते.

तरीही याच योजनेत हंगामी कमाईसाठी एक उत्तम तरतूद आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते. सहा किंवा बारा हप्ते आगाऊ भरले तर सूट मिळते: शंभर रुपयांच्या हप्त्यामागे सहा महिन्यांसाठी १० रुपये आणि बारा महिन्यांसाठी ४० रुपये. हजाराच्या खात्यात वर्षभराचे १२,००० रुपये एकदम भरायचे असतील तर प्रत्यक्षात ११,६०० रुपयेच द्यावे लागतात, आणि खात्यावर नोंद बाराही हप्त्यांची होते. हे पैसे आपण स्वतःजवळ ठेवून दर महिन्याला एकेक हप्ता भरला असता, तर एक हप्ता लगेच आणि शेवटचा अकरा महिन्यांनी गेला असता, म्हणजे सरासरी साडेपाच महिने पैसा आपल्याकडे राहिला असता. तेवढ्या काळासाठी ६.७ टक्क्यांनी व्याज धरले तरी ते सुमारे ३६८ रुपये होते, आणि चार टक्क्यांच्या बचत खात्यात तर २२० रुपयेच मिळाले असते. सूट ४०० रुपयांची आहे. म्हणजे आगाऊ भरण्यात नुकसान तर नाहीच, उलट थोडा लाभ आहे. ज्याची कलमे दलालाकडे किंवा कराराने दिलेली आहेत आणि ज्याचा हिशेब मे-जूनमध्ये पूर्ण होतो, त्या बागायतदाराने पेट्यांचे पैसे हातात आल्याबरोबर वर्षाचे हप्ते भरून टाकावेत. मासेमारी करणाऱ्या घराने डिसेंबर-जानेवारीत, मासळीचे दिवस असताना, सहा महिन्यांचे हप्ते भरले तर जूनपर्यंतची चिंता मिटते, आणि मे महिन्यात पुन्हा सहा भरता आले तर बंदीचा काळही पार पडतो. ज्या वर्षी मोहोर गळतो, त्या वर्षी हे जमणार नाही, हे मान्य आहे. परंतु चांगल्या वर्षाचा पैसा वाईट वर्षात नेण्याची याहून सोपी वाट मला दुसरी दिसत नाही.

दुसरी उपयोगी तरतूद कर्जाची आहे. बारा हप्ते भरून एक वर्ष झाले की शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते आणि त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्क्यांनी अधिक, म्हणजे सध्याच्या दराने ८.७ टक्के असतो. जाळी आणि इंजिनाची दुरुस्ती नेमकी कमाई बंद असताना निघते, आणि तेव्हा हातउसने किंवा व्यापाऱ्याची उचल घेण्याची सवय किनाऱ्यावर जुनी आहे. व्यापाऱ्याच्या उचलीवर व्याज दिसत नाही, पण पुढच्या हंगामात मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावी लागते, आणि हे व्याज कोणत्याही पासबुकावर छापलेले नसते. त्यापेक्षा स्वतःच्या ठेवीवरचे कर्ज कितीतरी बरे. मुदतीपूर्वी खाते मोडणे मात्र टाळावे. तीन वर्षांनंतर ते मोडता येते, पण मग सर्व रकमेवर बचत खात्याचाच दर, म्हणजे चार टक्के मिळतो, आणि मुदतीला एकच दिवस उरला असला तरी हा नियम बदलत नाही.

सेवेविषयी बोलायचे तर गावोगावच्या एजंटबाईंचा उल्लेख केल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली नेमलेल्या या स्त्रिया घरी येऊन हप्ता घेऊन जातात आणि त्यांचे चार टक्के कमिशन सरकार देते, खातेदाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. वाडीवाडीने विखुरलेल्या, चढउताराच्या गावात, जेथे पोस्टापर्यंत जाऊन येण्यातच म्हाताऱ्या माणसाची सकाळ जाते, तेथे दारात येणाऱ्या माणसाचे महत्त्व व्याजाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त आहे. माझ्या पाहण्यात अनेक बायकांची पहिली स्वतःच्या नावाची बचत अशाच एखाद्या एजंटबाईंच्या आग्रहातून उभी राहिली आहे. तरीही एक दक्षता प्रत्येकाने घ्यावी: एजंटच्या कार्डावरची सही ही पोस्टातील नोंद नव्हे, त्यामुळे पासबुकावर नोंद होऊन ते हातात येते की नाही हे ठरावीक काळाने पाहावे. असे पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे, आणि चांगली एजंटबाई स्वतःच पासबुक आणून दाखवते. ज्या घरातील मुले मुंबई-पुण्याला आहेत, त्यांना इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपमधूनही हप्ता भरता येतो, ही सोय जुन्या मनीऑर्डरची जागा काही प्रमाणात भरून काढते.

पर्यायांची तुलना थोडक्यात करतो. भिशीत गरजेच्या वेळी रक्कम एकदम मिळते आणि शेजारणींच्या शब्दाचा धाक असतो, पण व्याज नाही आणि एक घर अडचणीत आले की सगळ्यांचा हिशेब अडतो. पतसंस्थेची रोजची पिग्मी हॉटेलवाल्याला आणि मासळी विकणाऱ्या बाईला फार सोयीची असते, कारण रोजच्या गल्ल्यातून रोजच पैसा बाजूला पडतो. मात्र बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेच्या ठेवींना नाही. आमच्या भागातील एका पतसंस्थेत लोकांच्या रकमा अडकल्यानंतर ज्या वृद्धांना मी खेटे घालताना पाहिले, त्यांच्यासमोर दोन टक्के जास्त व्याजाचे समर्थन मला करता येणार नाही. बँकेची आवर्ती ठेव एका वर्षासाठीही मिळते आणि पोस्टाची मात्र पाच वर्षांचीच आहे, हा पोस्टाचा खरा उणेपणा आहे. पुढच्या गणपतीसाठी किंवा पुढच्या जूनमधील फीसाठी पैसे जमवायचे असतील, तर बँकेचे खाते बरे. घराचे छप्पर, मुलीचे पुढचे शिक्षण, होडीतील वाटा अशा लांबच्या गोष्टींसाठी पोस्ट.

नवे खाते उघडणाऱ्याने तारखेचाही विचार करावा. पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता पुढे दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्यावा लागतो, आणि सोळा तारखेपासून पुढे उघडलेल्याचा महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. अनियमित कमाई असलेल्या माणसाला दुसरा पर्याय सोयीचा आहे. एकच मोठ्या हप्त्याचे खाते घेण्यापेक्षा लहान हप्त्यांची दोन-तीन खाती घ्यावीत, म्हणजे वाईट वर्षी एक खाते थांबले तरी बाकीची चालू राहतात. वारसनोंद उघडतानाच करावी.

ज्यांची खाती एप्रिल २०२० ते मार्च २०२३ या काळात उघडलेली आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. मुदत संपल्यावर खाते आणखी पाच वर्षे वाढवता येते, पण दर मूळचाच, म्हणजे ५.८ टक्के राहतो. पोस्टात अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचा चालू दर विचारून घ्यावा आणि तो जास्त असेल तर जुने खाते बंद करून रक्कम घ्यावी, आणि नवे खाते नव्या दराने उघडावे. दर उतरलेला असेल आणि आपले जुने खाते ६.७ टक्क्यांचे असेल, तर तेच वाढवून घ्यावे.