सोनी आरएक्स१०० मार्क ३ : रात्रीचे फोटो शिकणाऱ्यासाठी, काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रीची फोटोग्राफी शिकायचीय, कॅमेरा कोणता घेऊ, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. २०१४ साली आलेला सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ सेकंडहँड घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगला ट्रायपॉड घ्या. दिवाळीपासून हा कॅमेरा माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे. वजन २९० ग्रॅम, डब्याच्या शेजारी आरामात बसतो. शिकणाऱ्याला हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते, कारण घरी कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याने रात्रीचे फोटो काढायची सवय लागत नाही.

याचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) १३.२ × ८.८ मिमीचा, म्हणजे साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा. लेन्स २४ ते ७० मिमीची (फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने), रुंद टोकाला अ‍ॅपर्चर एफ/१.८ (हे लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं). रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल मिळते, पूर्ण मॅन्युअल मोड आहे, शटर ३० सेकंदांपर्यंत उघडं राहतं आणि त्यापुढे बल्ब (बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं) आहे. रात्रीसाठी लागणारं जवळपास सगळं आलं.

मी शिकले ते मुख्यतः मरीन ड्राइव्हवर. नरिमन पॉइंटच्या टोकाला उभं राहून गिरगाव चौपाटीकडे पाहिलं की दिव्यांची पूर्ण कमान समोर येते. 'रात्रीचा' उत्तम फोटो इथे खरं तर रात्री मिळत नाही. सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळाचा निळा उजेड आणि रस्त्याचे दिवे एकमेकांच्या तोडीला येतात, आणि ती वेळ जेमतेम दहा मिनिटं टिकते. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आभाळ काळं ठिक्कर. त्यामुळे उजेड असतानाच ट्रायपॉड लावून फ्रेम ठरवून ठेवायची. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२५, अ‍ॅपर्चर एफ/४, स्टेडीशॉट (हाताचा हादरा सावरणारी सोय) बंद आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा फोटोत येत नाही. सुरुवातीला १ सेकंद पुरतो; अंधार दाटत जातो तसा ४, मग ८. दर फोटोनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा. दिवे फार जळत असतील तर एक स्टॉप कमी करायचा, म्हणजे उजेड निम्मा करायचा; सावलीतला तपशील रॉमधून नंतर वर काढता येतो, जळालेला दिवा मात्र परत मिळत नाही.

इथे कॅमेऱ्यातला एनडी फिल्टर (आत येणारा उजेड कमी करणारी गडद काच) फार कामाला येतो. तो तीन स्टॉपचा आहे, म्हणजे १ सेकंदाचे ८ सेकंद होतात. आभाळ अजून निळं असतानाच पाणी गुळगुळीत होतं आणि त्यात दिव्यांच्या उभ्या रेघा उतरतात. मोठ्या कॅमेऱ्याला हा फिल्टर वेगळा विकत घेऊन लेन्सवर चढवावा लागतो. भरतीच्या वेळी वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार काचेवर बसतात आणि प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं, म्हणून मऊ कापड खिशात हवंच.

अ‍ॅपर्चरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. एफ/११, एफ/१६ वापरा हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मोठ्या सेन्सरसाठी आहे. या सेन्सरवर एफ/४ लाच फुल फ्रेमच्या एफ/११ एवढी खोली (जवळपासून लांबपर्यंतची स्पष्टता) मिळते. एफ/८ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) फोटो उलट मऊ पडतो. दिव्यांना टोकदार किरणं हवी असतील तर एफ/५.६ ते एफ/८ पुरे. अ‍ॅपर्चरला सात पाती असल्याने दिव्याला चौदा किरणं येतात.

सीएसएमटीसमोर गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा घ्यायला ८ ते १५ सेकंद चांगले. बेस्टची डबलडेकर फ्रेममधून गेली की वरच्या मजल्याची रेघ वेगळ्या उंचीवर उमटते, ती मला फार आवडते. इमारतीवरच्या रोषणाईचे रंग बदलत राहतात, म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतली रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता एकच धरून ठेवा.

या कॅमेऱ्याची खरी कसोटी लागली भंडारदऱ्याला, पावसाच्या तोंडावर, काजव्यांच्या वेळी. एफ/१.८, आयएसओ १६००, १५ सेकंद. एका फोटोत काजवे विरळच दिसतात. तीच फ्रेम हलू न देता पुन्हा पुन्हा घ्यायची आणि घरी फोटो एडिटरमध्ये 'लाइटन' मोडने (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ बिंदू तेवढा ठेवणारा मोड) थर चढवायचे, मग झाड लखलखतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरच्या फोटोतला नॉइज, म्हणजे दाणे-ठिपके, कमी करणारी सोय) तेव्हा बंद ठेवा, नाहीतर १५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी १५ सेकंद अडून बसतो. ऑटोफोकसचा दिवाही मेन्यूतून बंद करा, स्क्रीन मंद करा आणि फ्लॅश, टॉर्च अजिबात नको. काजवे चमकतात ते जोडीदाराला इशारा देण्यासाठी. उजेड पडला की त्यांचा तो संवादच तुटतो. फोटोपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

ताऱ्यांसाठीही २४ मिमीला १५ सेकंदांच्या पुढे जाऊ नका, तारे लांबट होतात. फोकस मॅन्युअल ठेवून ठळक ताऱ्यावर झूम करून जुळवायचा. आयएसओ ३२०० ला नॉइज स्पष्ट दिसतो, इथे लहान सेन्सरची मर्यादा आहेच. सीक्वेटर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सात-आठ फोटो एकत्र केले की बराच निवळतो. आकाशगंगा हाच मुख्य ध्यास असेल तर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. शहर, घाट, देवळं, दीपमाळा यांच्यासाठी हा पुरेसा आहे.

बॅटरी कागदोपत्री ३२० फोटोंची, लांब एक्स्पोजरला त्याहून कमी चालते. एक जादा बॅटरी घ्याच. पॉवर बँकवरही चार्ज होते. टचस्क्रीन नाही, त्यामुळे फोकसचा बिंदू बटणांनी सरकवावा लागतो.

सेकंडहँड घेताना एफ/११ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का ते बघा. लेन्स निघत नाही, म्हणून आत शिरलेली धूळ घरी साफ करता येत नाही. मग लेन्स जाड कापडाने झाकून ३० सेकंदांचा एक फोटो घ्या. नॉइज रिडक्शन बंद असताना त्यात ठळक रंगीत टिंब फार दिसली, तर तो सोडून दुसरा बघा.